‘फोटो पाठवते हं’ : शिमग्यातले पाच दिवस

‘फोटो पाठवते हं’ हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. चार वर्षांपूर्वी शिमग्याला दाभोळपासून शिरोड्यापर्यंत भटकले, तेव्हा निदान नऊ जणांना तरी ऐकवलं होतं. पत्ते वहीत लिहून घेतले होते. एकीला पिन कोड आठवेना, तर तिनं आत जाऊन लाइट बिल आणून दाखवलं होतं. पुण्याला आले, फोटो कॉम्प्युटरवर चढवले आणि विषय संपला. त्यातल्या एका फोटोला, पालखीखालच्या एका उघड्या खांद्याच्या फोटोला, स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्या पैशांत मी नवी लेन्स घेतली. खांदा ज्याचा होता त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

यंदा आईचं वर्षश्राद्ध झालं. भिंतीवर लावायला आईचा एक धड फोटो मला सापडेना. घरात एवढे कॅमेरे, आणि आई प्रत्येक फोटोत अर्धी. कुणाला तरी वाढताना, कुणाच्या तरी मागे, नाहीतर ‘माझा नको गं’ म्हणून तोंडापुढे हात धरलेली. शेवटी पासबुकावरचा फोटो मोठा करून लावला. गालावर बँकेचा अर्धा शिक्का आहे.

त्या आठवड्यात मी नऊच्या नऊ फोटो छापून आणले, चांगल्या जाड कागदावर. शिमगा दहा दिवसांवर होता. भाच्यानं नवी गाडी आणि नवा ड्रोन घेतला होता, त्याला दोन्ही चालवायला रस्ता हवाच होता.

दिवस पहिला: पुणे ते गुहागर

ताम्हिणी, माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, खेड, दापोली. रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी महामार्ग पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही ते विश्वास ठेवणार नाहीत.

दुपारी तीनच्या सुमाराला दाभोळला चंडिकादेवीपाशी पोहोचलो. देऊळ म्हणजे खडकातली गुहा. आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाच्या समया. फोटो काढायचा नाही, हा नियम. मागच्या वेळी याच नियमावर चिडून मी पाच मिनिटांत बाहेर आले होते, हे कबूल करते. फोटो नाही तर थांबायचं कशाला, असा तेव्हाचा हिशेब.

या वेळी कॅमेरा गाडीतच ठेवला. वाकून आत शिरलो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही. पायाखाली गार, गुळगुळीत दगड, आणि तेलाचा नि ओल्या फुलांचा वास. भाचा सवयीनं मोबाइलची बॅटरी लावायला गेला, तर आतून आवाज आला, “उजेड नको. डोळे बसू देत.”

डोळे बसू देत. कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बाहुली मोठी व्हायला वेळ द्या. पण ‘डोळे बसणं’ हा शब्द मला जास्त आवडला. ओल्या मातीवर पाणी मारून ती बसू देतात, तसं. आधी ज्योत दिसली, मग ज्योतीखालची समई, मग समईमागचा खडक ओलसर चमकला आणि मग कडेकडेनं देवी दिसायला लागली. मी मनातल्या मनात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, किती लागेल याचा हिशेब करत होते. सवय जात नाही. दहाएक मिनिटांनी तो हिशेब आपोआप थांबला, कारण आता सगळंच दिसत होतं. बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “मावशी, आत एवढं दिसतं हे मागच्या वेळी का नाही सांगितलंस?” मागच्या वेळी मला दिसलंच नव्हतं.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घातली. वाशिष्ठीची खाडी ओलांडायची. पाकिटातला पहिला फोटो या बोटीवरचा: कठड्याला टेकून करवंदं विकणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा, वाऱ्यानं शर्ट फुगलेला. तिकीट फाडणाऱ्या काकांना फोटो दाखवला. ते बघत राहिले. “हा? हा आता चिपळूणला गॅरेजात असतो. मिसरूड फुटलं त्याला.” फोटो त्यांनी ठेवून घेतला, त्याच्या आईकडे देतो म्हणाले. तिकिटांच्या पेटीत, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. एक झाला.

दुसरा धक्क्यावरच्या चहावाल्या वहिनींचा होता. टपरी नव्हती. कुठे गेल्या, कुणाला नक्की सांगता येईना. तो पाकिटात परत गेला.

दिवस दुसरा: गुहागर ते रत्नागिरीजवळचं एक गाव

सकाळी हेदवीची बामणघळ बघायला थांबलो. भरतीला खडकातल्या या चिरेतून पाण्याचा फवारा उडतो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. घळ रिकामी, आत दोन खेकडे. भाच्यानं खेकड्यांचे फोटो काढले. मग तवसाळहून जयगडला दुसरी फेरी, शास्त्रीची खाडी, आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं खाली.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाहेरचे कॅमेरे आधीच फार झालेत, असं तिथल्या एकांनी मागच्याच वेळी सांगितलं होतं.

ज्यांना शिमगा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फाल्गुनात ग्रामदेवतेच्या पालखीला रूपं लावतात, म्हणजे देवाचे मुखवटे पालखीत बसवतात. एरवी आपण देवळात जातो, शिमग्यात देव आपल्या घरी येतो. प्रत्येक घराच्या अंगणात पालखी येते, ओट्या भरतात, नवस बोलतात, फेडतात. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला नाही आला तरी चालेल, पण पालखी घरी आली आणि दाराला कुलूप, हे चालत नाही. आणि सहाणेवर, म्हणजे गावातल्या पालखी ठेवायच्या मोकळ्या जागेवर, पालखी नाचवतात. दोघंजण खांद्यावर घेऊन, ढोल-ताशावर, गुडघ्यात वाकून, गोल फिरत. बघणाऱ्याला वाटतं माणसं पालखी नाचवतायत. नाचवणारे सांगतात, नाही, ती आम्हाला नाचवते.

खांदा ज्याचा होता, तो माणूस घरीच सापडला. पन्नाशीचा, खळ्यात बसलेला, कंबरेला पट्टा. गेल्या वर्षी आंब्यावरून पडला. आता पालखी घेता येत नाही. मी पाकीट उघडून फोटो हातात दिला. फोटोत चेहरा नाहीच: पालखीचा दांडा, त्याखाली घामानं चकाकणारा खांदा, दांड्याच्या घट्ट्यानं काळी पडलेली कातडी, आणि मागे शटर सावकाश ठेवल्यामुळे गुलालाचा नुसता पट्टा. स्पर्धेच्या परीक्षकांनी या फोटोला ‘अमूर्त’ म्हटलं होतं.

त्यानं एका नजरेत ओळखलं. “ह्यो माजा खांदा.” मग शर्टाची कॉलर बाजूला करून तोच घट्टा मला दाखवला. घट्टा आता फिका पडला होता. तो त्यावर बोट फिरवत राहिला आणि बराच वेळ बोलला नाही. “चार वर्सांमागं हितं रंग काळा होता बगा.”

बक्षिसाचं मी सांगून टाकलं. लेन्सचंही. माझी तयारी होती तो काही बोलेल म्हणून. तो म्हणाला, “म्हंजे पालखीला बक्षीस मिळालं.” पुढे काही नाही.

त्याच्या बायकोनं फोटो घेतला, आत गेली, देव्हाऱ्यापाशी टेकवून ठेवला आणि हळद-कुंकवाचं बोट उचलून फोटोतल्या पालखीच्या टोकाला टेकवलं. माझ्या पोटात खड्डा पडला. एकशे नव्वद ग्रॅमचा मॅट कागद, त्यावर बोटाचा डाग! हात पुढे जाणार होता, तेवढ्यात ती फोटोला हात जोडून उभी राहिली. मी हात मागे घेतला. छापलेल्या कागदावर कुंकू लागलं की तो कागद राहत नाही, एवढं आमच्या घरातही होतंच की. आजीच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीची जी तसबीर होती, ती रविवर्म्याच्या छापखान्याची होती असं ती सांगायची. १८९४ साली मुंबईत तो छापखाना निघाला आणि ज्यांना देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं जायचं त्यांच्याही घरात देव काचेमागून आला. तीसुद्धा शेवटी छापील प्रतच होती. कुंकवाच्या थरानं लक्ष्मीचं कपाळ दिसेनासं झालं होतं, तरी कुणी पुसलं नव्हतं.

रात्री खुणा काढायचा खेळ होता. सहाणेच्या आसपास कुठेतरी नारळ पुरून ठेवतात आणि पालखी तो शोधून काढते. पालखी भरकन एका बाजूला जाते, थबकते, मागे फिरते, हेलकावे खात पुन्हा जाते. एका जागी येऊन दांडा जमिनीकडे झुकला. तिथं खणलं. नारळ निघाला. माझा यावर विश्वास आहे का? मी फारशी देवभोळी नाही, आणि नारळ कुणी पुरला हे गावात कुणालातरी ठाऊक असणारच, हे मलाही कळतं. पण दांड्याखाली असलेल्या पोराचा चेहरा मी लेन्समधून जवळून पाहिला. तो खोटं करत नव्हता. त्याचं स्वतःकडे लक्षच नव्हतं.

‘खूण काढली’ असं सगळे म्हणत होते. झोपताना तो शब्द डोक्यात फिरत राहिला. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. काटा काढतो, दृष्ट काढतो, आठवण काढतो, रांगोळी काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो. आत कुठेतरी असलेलं वर आणायचं, असं काहीसं. गेली पंचवीस वर्षं मी बहुधा फोटो उचलत होते.

दिवस तिसरा: पावस, कशेळी, देवाचे गोठणे

गावात आणखी दोन फोटो पोचवले. एका घरी पोह्यांऐवजी थेट जेवायलाच बसवलं, त्यामुळे निघायला दुपार झाली.

कशेळीला कनकादित्याचं दर्शन घेतलं. सूर्याची देवळं आपल्याकडे कमी. त्यात कोकणात, जिथं चार महिने सूर्याचं तोंड दिसत नाही, तिथं हे जुनं सूर्यमंदिर. सौराष्ट्रातल्या प्रभासपट्टणाहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथल्या समुद्रात अडलं, नावाड्यानं मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली, आणि गावातल्या कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला, अशी आख्यायिका. देवाच्या नावात तिचं नाव आधी येतं, हे मला फार आवडतं. रथसप्तमीचा उत्सव होऊन गेला होता. देवळात आम्ही दोघं आणि एक मांजर.

मग सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर अशी कातळशिल्पं शेकड्यांनी सापडली आहेत. कोणी कोरली, ते सांगायला कोरणाऱ्यांमागे काही उरलेलं नाही. २०२२ साली यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी, एक गोव्यातलं. आम्ही भर अडीच वाजता तिथं. ऊन डोक्यावर, जांभा तापलेला, डोळे मिटायला होतायत. भाचा म्हणतो, “कुठंय हत्ती?” मीही शोधतेय. एक गुराखी लांबून ओरडला, “पोटावर उभे आहात त्याच्या!” आम्ही उड्या मारत बाजूला झालो. तरी धड काही दिसलं नाही. भर दुपारी खोदलेल्या रेषेत सावली नसते, आणि सावली नसली तर जांभ्यात रेष कुठली नि भेग कुठली?

म्हणून देवाच्या गोठण्याला मुद्दाम संध्याकाळ गाठली. भार्गवरामाच्या देवळावरून चढून सड्यावर गेलो. इथं कातळात माणसाची आकृती कोरलेली आहे, आणि या जागेची दुसरी गंमत म्हणजे इथं होकायंत्राची सुई चळते. दगडात चुंबकीय विचलन आहे. हे मला ठाऊक होतं. भाच्याला मी सांगितलं नाही.

त्यानं ड्रोन काढला, पंख उघडले, दगडावर ठेवला. पडद्यावर लाल पट्टी: कंपास एरर. त्यानं ड्रोन उचलून आडवा फिरवला, उभा फिरवला. पुन्हा तेच. चार पावलं सरकून ठेवला, पुन्हा तेच. “मावशी, नवा आहे गं हा! वॉरंटीत आहे!” पाचव्यांदा तो रडकुंडीला आला तेव्हा मी मोबाइलवरचं होकायंत्र काढून त्याच्यापुढे धरलं. आम्ही चालत गेलो तसतशी उत्तर दिशा आमच्याभोवती फिरत गेली. तो बघत राहिला. मग ड्रोन पिशवीत घालून, कातळाला पाठ लावून गप्प बसला. प्रवासात पहिल्यांदाच.

सहा वाजून गेले. सूर्य तिरपा झाला. आधी आकृतीच्या डाव्या बाजूच्या रेषेत काळा दोरा ओढल्यासारखी सावली उतरली. मग खांदा, मग कंबर, पाय. पंधरा मिनिटांत सड्यावर एक अख्खा माणूस झोपलेला होता आणि त्याच्या शेजारी आम्ही. कुणी उठवला नाही, कुणी काढला नाही, नुसता उजेड खाली आला. चपला आम्ही आधीच लांब काढल्या होत्या. रेषांवर पाय ठेवायचा नाही, झिजतात. मी तीन फोटो काढले. सूर्य समुद्रात गेला, सावल्या सगळीकडे सारख्या झाल्या आणि तो माणूस परत दगडात गेला.

हल्ली ‘कॅमेऱ्यातून ध्यान’ शिकवणाऱ्या कार्यशाळा निघाल्यात, दोन दिवसांची फी भरून. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, एकीला मी स्वतः गेले होते. श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. सड्यावर मला श्वासाची आठवणही झाली नाही.

दिवस चौथा: मालवण, पिंगुळी

दिवसभर गाडी. देवगडला आंबा अजून हिरवा, भाव मात्र पिकलेला. कुणकेश्वराला समुद्राकडे तोंड करून पाच मिनिटं बसलो.

मालवणला बाजारात सहावा फोटो द्यायचा होता, म्हावरं विकणाऱ्या एका मावशींचा. त्यांच्या जागेवर तरुण सून बसली होती. फोटो पाहिला आणि हातातला सुरा खाली ठेवला. सासूबाई दिवाळीत गेल्या. तिनं हात पदराला तीनदा पुसले, मग फोटो कडांना धरून घेतला. शेजारच्या तिघी उठून आल्या. एवढ्या गजबजाटात तिथं चार-पाच हातांच्या अंतरात कुणी आवाज केला नाही. निघताना तिनं जबरदस्तीनं दोन बांगडे कागदात बांधून दिले. आम्हा दोघांकडे ना चूल ना तवा. संध्याकाळी खानावळीवाल्याकडून तळून घेतले.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी बघायला गेलो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. रामायण-महाभारतातल्या कथांची कागदावरची चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी गातो आणि एकेक चित्र पुढे धरतो. समईच्या उजेडात रावणाचे डोळे हलल्यासारखे वाटतात. खराब झालेली पोथी टाकायची नाही, वाहत्या पाण्यात विसर्जित करायची, अशी जुनी रीत.

रात्री खोलीवर भाचा मोबाइल साफ करत होता. चार दिवसांत त्यानं अकराशे फोटो काढले होते. अंगठ्यानं सटासट डिलीट. मध्येच थांबून म्हणाला, “विसर्जन करतोय.” मग त्याचा वेग कमी झाला. प्रत्येक फोटो उघडून, बघून, मग पुसायला लागला. साडेबारापर्यंत त्याच्या बिछान्यात उजेड होता.

दिवस पाचवा: आरवली, शिरोडा

आरवलीचा वेतोबा. माणसाहून उंच, उभा, समोर टक लावून बघणारा. नवस फेडायला त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला. चपला साध्या नाहीत, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील एवढ्या. देव रात्री गावाभोवती राखणीला फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं सांगतात. मी वाकून तळवे पाहिले. झिजले होते. कॅमेरा वर केला, आणि फोटो न काढता तळव्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

शेवटचा फोटो इथून जवळच, शिरोड्याच्या वाटेवर. १९३० साली ज्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, त्यांच्या बाजूला वळलं की माडांत एक घर. चार वर्षांपूर्वी इथल्या आजी पडवीत काजूच्या बिया बोंडांपासून सोडवत होत्या. गालभर हसणं, हात चिकानं काळे, मागून उजेड. माझ्या मते माझा सगळ्यात चांगला फोटो. आणि त्याच आजींनी तेव्हा म्हटलं होतं, “माझो एक बरो फोटो काढ गो चेडवा, भिंतीर लावूक व्हयो.”

घराच्या कोपऱ्यावर मी थांबले. मालवणनंतर मला धीर होत नव्हता. भाचा पुढे गेला आणि ओरडला, “मावशी, आहेत!”

पडवीत, त्याच जागी, बियांचा ढीग पुढे घेऊन. वय झालं होतं, पाठ आणखी वाकली होती. ओळख पटायला वेळ लागला नाही. “फोटो पाठयतंय म्हणान गेललंस ती तूच मां?”

फोटो दिला. चष्मा मागवला. जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे बघितलं.

“ह्यो काय फोटो? कामार बसलेलो! वर जाताना काजी घेऊन जाव काय?”

घरातली सगळी हसायला लागली. त्या नाही हसल्या. मग सुरू झालं. सुनेनं कपाटातून हिरवं नऊवारी काढलं. नथ नातीच्या लग्नात तिला दिलेली. नात दोन घरं पलीकडे, तिच्याकडून मागवली. अबोलीचा वळेसर. मी प्लास्टिकची खुर्ची मांडली, ती त्यांनी उचलून बाजूला ठेवायला लावली आणि आतून आजोबांची लाकडी आरामखुर्ची आणवली. तुळशीसमोर. पाऊण तास गेला. माडांमागून उजेड सोन्यासारखा झिरपायला लागला होता आणि मी आतून घाई करत होते, कारण असा उजेड दहा मिनिटं टिकतो. कुणाला सांगणार?

“आजी, जरा हसा.”

“हसूक नको सांगू. भिंतीरसून कोण हसता?”

“बरं, इथं बघा. काचेत.”

“हय?” त्यांनी लेन्सकडे बोट केलं. “हय बघलंय तर माका कोण बघतला?”

मी काय उत्तर देणार? “सगळे,” म्हटलं.

“झिलाचो झिल?”

“हो.”

“तेचो झिल?”

“तोसुद्धा.”

“मगे थांब.” पदर सारखा केला, नथ सरळ केली, दोन्ही पाय जुळवून पाटावर ठेवले. आणि लेन्समध्ये बघितलं.

हजारो चेहरे मी या भिंगातून पाहिले असतील. माणसं माझ्याकडे बघतात, किंवा स्वतःकडे, आपण कसे दिसतोय म्हणून. या बाईची नजर माझ्यावर थांबलीच नाही. माझ्यातून आरपार गेली आणि मागे कुठेतरी, अजून न बांधलेल्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या एका पोरावर जाऊन टेकली. ते पोर मला दिसलं नाही, पण पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटून मी खरोखरच मान वळवली. मागे नुसतं अंगण होतं, आणि भाचा. मी एकच फोटो काढला. बोट परत खाली गेलं नाही.

“पाय इले?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“आलेत.”

“पाय दिसाक व्हये. नातवंडा पाया खय पडतली?”

पडद्यावर बघायला त्या तयार नव्हत्या. कागदावर आण म्हणाल्या. आणि साधासुधा नाही, आतल्या भिंतीवर आजोबांची तसबीर आहे, बरोबर तेवढाच. वळेसराचा उरलेला दोरा त्यांनी नातवाकडून तसबिरीला लावून घेतला. रुंदीला एक गाठ, उंचीला दुसरी. दोरा गुंडाळून माझ्या मुठीत ठेवला, वर एक नारळ.

शिरोड्याच्या बाजारात एक छोटा फोटो स्टुडिओ उघडा होता. पासपोर्ट, आधार, लग्न, सगळं. मी कार्ड दिलं आणि दोरा काउंटरवर ठेवला. दुकानदारानं काही विचारलं नाही. दोरा घेऊन येणारी मी पहिली नसावे. त्यानं फोटो छापला, कागद पसरला, त्यावर दोरा धरला, आधी पहिल्या गाठीपर्यंत, मग दुसऱ्या.

“जुनी फ्रेम आहे. आताच्या साइजमध्ये बसत नाही. दोनेक इंच कापावं लागेल,” तो म्हणाला. “वरून कापू की खालून?”

वर माड होते, आणि माडांमागचा तो सगळा उजेड.

“मावशी, अगं तो उजेड...” भाचा म्हणाला.

“वरून कापा,” मी म्हटलं.

त्यानं पट्टी ठेवली आणि ब्लेड उचललं.